अळसांद्यावरच्या माव्याचा तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार ग्रुपवर आला. अळसांद्यावर, म्हणजे चवळीवर, काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की कपड्याची पावडर आणि रॉकेल मिसळून फवारा, अंडी मरावीत म्हणून दर आठ दिवसांनी परत मारा, झाड पिवळं पडलं तर युरिया टाका, मुंग्या मावा आणतात म्हणून आधी त्या संपवा, आणि काळी-केशरी अळी दिसली तर तीही चिरडा. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात) भाताच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) अळसांदे लावलेले किती लोक हे वाचून उद्या पंप उचलतील, म्हणून लिहितोय.

पहिलं अंड्यांचं. आपल्या उष्ण हवेत हा मावा अंडी घालतच नाही, मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं देते आणि ते पिल्लू आठवड्याभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतं, म्हणून तर चार दिवस शेतात फिरकलो नाही की शेंडे काळे झालेले असतात. मग नसलेल्या अंड्यांसाठी दर आठवड्याला फवारून मरतं कोण, तर तीच काळी-केशरी अळी. ती ठिपकेवाल्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी आहे हो, दिवसाला डझनांनी मावा खाते! काल सकाळी दव असतानाच एक पान उलटं करून बघितलं, माव्याच्या गर्दीत पाच-सहा मावे फुगून तपकिरी झालेले, कागदासारखे कोरडे, आणि एकाच्या पाठीला सुईने पाडावं तसं गोल भोक. माव्याच्या पोटात वाढणारी बारीक गांधीलमाशी तिथून बाहेर पडून गेलेली. असे तपकिरी मावे दिसले तर चार दिवस पंप खाली ठेवा, प्लीज.

पावडर-रॉकेलने मावा मरतो, पण कोवळी पानंही करपतात.

युरियाचं तर उलटंच आहे. अळसांद्याच्या मुळांवर गाठी असतात, तो आपलं नत्र आपणच करतो, वरून युरिया दिला की शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याला तेच हवं असतं. आणि पानावर हिरवे-पिवळे चट्टे येऊन ती आकसली असतील तर तो व्हायरस आहे, माव्याने सोंड टोचली की काही सेकंदांत लागतो, औषधाने मावा मरायच्या आधीच. त्याला युरिया नाही आणि फवाराही नाही, ते झाड उपटायचं.

मुंग्यांचं अर्धं खरं आहे. त्या माव्याच्या अंगातून निघणाऱ्या चिकट गोड पाण्यासाठी येतात आणि माव्याला खायला येणाऱ्या किड्यांना हाकलतात, पण मूळ मुंग्यांत नाही, म्हणून अख्ख्या मेरेवर (बांधावर) विषारी पावडर टाकू नका.

मग करायचं काय? दोन-चार झाडांवरच असेल तर शेंडा खुडा किंवा पाण्याचा जोरात फवारा मारून मावा खाली पाडा. पसरलाच तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १० लिटरला अर्धा किलो निंबोळीची कुटलेली पूड, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, संध्याकाळी पानांच्या खालून मारायचा. आणि हा व्हायरस बियांतूनही येतो, त्यामुळे पुढच्या वर्षाचं बी ज्यांचं ठेवायचं त्या निरोगी झाडांना आत्ताच चिंधी बांधून ठेवा, शेंगा सुकल्यावर कुठलं झाड चट्ट्यांचं होतं ते ओळखता येत नाही.