चार्ट पाठ करण्यापेक्षा सा पासून मोजा

लेखात गिटारच्या अवघड कॉर्ड्सचा (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार स्वर) चार्ट देऊन सरळ पाठ करा म्हटलंय, ते काही पटलं नाही. मी इथे नागपुरात धरमपेठेत पोरांना गिटार शिकवतो, बरेच जण आधी पेटी शिकून आलेले असतात, त्यांना मी म्हणतो सी ला (इंग्रजी पद्धतीतला स्वर) सा मान आन मोज. सा ग प झाला सी मेजर, त्यात वरच्या सप्तकातला रे टाकला की ॲड नाइन (सा पासून मोजला तर नववाच येतो ना तो), आन त्यातच कोमल नी पण घेतला की झाला सी नाइन. रे काढून नी शुद्ध केला की मेजर सेव्हन. बोटं पुरत नसतील तर प खुशाल सोडा, बेसवाला (खालचे जाड स्वर वाजवणारा) सोबत असेल तर सा पण सोडला तरी चालते, पण ग आणि नी सोडू नका, कॉर्डचा सगळा स्वभाव त्यांच्यातच आहे.

माझा सगळ्यात आवडता ई सेव्हन शार्प नाइन (सेव्हन म्हणजे कोमल नी, शार्प नाइन म्हणजे नववा रे अर्धा स्वर चढवलेला, तोच कोमल ग). सहावी, सगळ्यात जाड तार मोकळी, पाचवीवर 7 वा फ्रेट (दांडीवरच्या पट्ट्यांमधला घर), चौथीवर 6 वा, तिसरीवर 7 वा, दुसरीवर 8 वा, पहिली वाजवायची नाही. ई ला सा धरला तर चौथ्या तारेवर शुद्ध ग आणि दुसऱ्या तारेवर, वरच्या सप्तकात, कोमल ग, दोन्ही एकदम वाजतात म्हणूनच तो असा टोचतो. राग जोगात पण दोन्ही गंधार आहेत, शुद्ध चढताना आन कोमल उतरताना, इथे मात्र एकाच झटक्यात. आधी एकेक तार छेडून ऐका, मग सगळ्या मिळून वाजवा, काय भारी वाटते!