शुभमंगल, वीस सेकंदांनी सावधान

लग्नघरात लग्न नेटवर लाइव्ह दाखवणाऱ्याला मान नसतो. फोटोग्राफर 'सर' असतो, भटजी 'गुरुजी' असतात, बँडवालासुद्धा 'मास्तर'. मी मात्र 'ओ लाइव्हवाले'. कोपऱ्यात वायरींच्या गुंत्यात बसून लॅपटॉपकडे टक लावणारा माणूस काम करतोय, हे कुणालाच पटत नाही. वास्तविक दोन कॅमेरे, मिक्सर, ओबीएस (चित्र नेटवर सोडणारं सॉफ्टवेअर), हॉटस्पॉट आणि यजमानांचे मेहुणे एवढं सगळं मी एकटा सांभाळत असतो. मेहुणे सगळ्यात अवघड.

२०२० साली लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि या धंद्यानं बाळसं धरलं. पुढे मर्यादा उठली, पंगतींवर पंगती झडू लागल्या, पण न्यू जर्सीची आत्या काही यायची नाही ती नाहीच.

कार्यालयाचा मॅनेजर छाती फुगवून सांगतो, "शंभरचा स्पीड आहे आपला." असेल, पण तो नेटवरून खाली उतरवायचा, डाउनलोडचा. मला वर पाठवायचंय. चित्र नीट दिसायचं तर सेकंदाला पाचेक मेगाबिट, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी, तेही अखंड. वायफायचा पासवर्ड कार्यालयाचंच नाव आणि पुढे एक-दोन-तीन, त्यामुळे नाश्त्याच्या आत तो अख्ख्या वऱ्हाडाला पाठ. म्हणून मी दोन कंपन्यांची सिमं बाळगतो. दोन्हींना रेंज मिळते ती नेमकी नवरीच्या खोलीत.

आवाजाचं तर विचारूच नका. साउंडवाल्याकडे मिक्सरमधून एक लाइन मागितली की तो किडनी मागितल्यासारखा बघतो. दिलीच, तर तिच्यातून गुरुजींच्या आधी अर्थिंग नसलेल्या बोर्डाची पन्नास हर्ट्झची घुंघुं येते. वर कार्यालयाची सनईची सीडी! रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं, ते संगणकी पहारेकऱ्याच्या कानी पडलं की कॉपीराइटची नोटीस हजर.

पण खरी गंमत उशिराची. इथलं चित्र तिथं पोचायला पंधरा-वीस सेकंद लागतात. उशीर कमी करता येतो, पण मग नेट जरा अडखळलं की चित्रही अडखळतं. हे मी मेहुण्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर तेच लग्न लावलं, आवाज फुल्ल. गुरुजींचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, थांबली. मग मोबाइलमधून पुन्हा 'सावधान'. मागच्या चार आज्यांनी उरलेल्या अक्षता टाकल्या. एक मेहुण्यांच्या टकलावर चिकटली.

तिकडे आत्याचा मेसेज : "फक्त पाठी दिसतायत." खरंच होतं. अंतरपाट दूर झाल्याबरोबर फोटोग्राफर, त्याचे दोन मदतनीस आणि मोबाइल उंचावलेला मित्रपरिवार असा मानवी अंतरपाट उभा राहिला होता. मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेलो, तर तिथं एक काका कॅमेऱ्यात बघून भांग पाडत होते. पहिल्यावर परत आलो. पाठी बऱ्या.

बारा पस्तीसचा मुहूर्त, म्हणजे आत्याकडे पहाटेचे तीन वाजून पाच मिनिटं. त्यानंतर तिचा मेसेज थांबला. मी जेवायला उठलो, तर मठ्ठा संपलेला. जिलबीचा पहिला तुकडा तोंडात टाकतोय तोच मेहुणे फोन घेऊन धावत आले.

"ओ लाइव्हवाले, ऐन वेळी ताईचा डोळा लागला. मंगलाष्टकं परत एकदा लाइव्ह दाखवता का?"

"रेकॉर्डिंग आहे ना. तीच लिंक उघडायला सांगा."

"नाही हो, तिला लाइव्हच पाहिजे."

गुरुजींनी चपला घालायला सुरुवात केली होती.