‘साठीनंतर हे चोचले कशाला?’ : मालवणच्या काकांना उत्तर

काका, ताठरता गेलेल्या पुरुषाच्या लिंगात ऑपरेशन करून इम्प्लांट (ताठरता देणारं उपकरण) बसवण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिता की साठी उलटलेल्या माणसाला हे चोचले कशाला, आणि दहा वर्षांत बिघडणारं यंत्र लाखो रुपये घालून बसवायला सांगणं ही मुंबईच्या हॉस्पिटलांची दलाली आहे.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. हे ऑपरेशन परतीच्या वाटेचं नाही, ही गोष्ट माझ्या लेखात ठळक यायला हवी होती. लिंगातल्या ज्या दोन पोकळ्यांत रक्त भरून ताठरता येते, त्यांतच इम्प्लांट बसतं. पुढे ते काढलं तरी आपोआप येणारी ताठरता परत मिळेल, ही आशा ठेवता येत नाही. लांबी थोडी कमी वाटते, अशी तक्रारही बरेच जण करतात. लेखात आता हे सगळं वरतीच घातलं आहे.

पण ‘दहा वर्षांत बिघडणारं’ हे चूक आहे. पंपाचं इम्प्लांट १९७३ सालापासून वापरात आहे. पोकळ्यांत दोन नळ्या, अंडकोशात पंप आणि पोटात मूत्राशयाजवळ पाण्याची छोटी पिशवी; पंप दाबला की पाणी नळ्यांत जाऊन लिंग ताठ होतं. दहा वर्षांनीही चारांपैकी तीनहून जास्त जणांचं चालू असतं, पंधरा वर्षांनी साधारण दहांतल्या सहांचं. बिघडलं तर बदलता येतं, मात्र दुसऱ्या ऑपरेशनला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पहिल्या वेळी तो साधारण १ ते ३ टक्के असतो आणि झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं. म्हणून साखर ताब्यात नसलेल्या माणसाला मी आधी साखर ताब्यात आणा म्हणतो, मुंबईची चिठ्ठी नंतर. पैसे कमी असतील तर वाकवता येणाऱ्या दांड्यांचं इम्प्लांट आहे. मुंबईचे पुरुषरोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शहांनी तसं भारतातच तयार केलं. त्यात पंप नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फार थोडं. पण लिंग कायम कडकच राहतं, ते वाकवून कपड्यांत लपवावं लागतं.

दलालीबद्दल एवढंच सांगतो, की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा रात्री शेवटचा पेशंट गेल्यावर कोणीतरी दार लोटतो आणि म्हणतो, “डॉक्टर, अशक्तपणा वाटतो, ताकदीचं इंजेक्शन द्या.” खरं काय ते बाहेर यायला अर्धा तास जातो. ताठरतेची गोळी घेऊन पाहिलेली असते, पण भरपेट जेवणावर, तीही एकदाच, आणि ‘लागू पडली नाही’ म्हणून सोडलेली. (हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी जिवावर बेतू शकते. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका.) गोळी नीट घेऊन जमलं नाही तर व्हॅक्यूम पंप (हवा ओढून लिंगात रक्त आणणारी बाहेरून लावायची नळी), मग लिंगात घ्यायचं इंजेक्शन. हे सगळं थकल्यावर, किंवा नकोसं झाल्यावर, इम्प्लांट.

आणि वयाचं म्हणाल, तर लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. बारीक वाहिनी आधी तुंबते. त्यामुळे ताठरता जाणं ही कित्येकदा हार्ट अटॅकच्या दोन-चार वर्षं आधीची सूचना असते. ‘वय झालं’ म्हणून घरी बसलेला माणूस ती सूचना वाया घालवतो. याची मला फार चीड येते, कारण असे गेलेले मी पाहिले आहेत.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘बायकोला तरी हवं असतं का?’ एक जोडपं सांगतो, त्यांच्या परवानगीने. तो एकसष्टचा, वीस वर्षांचा मधुमेह. ती म्हणाली, “ते नसलं तर नसलं, पण हे लाजेपायी माझ्याशी बोलायचेच बंद झालेत. पडवीत झोपतात.” इम्प्लांटने इच्छा निर्माण होत नाही, स्पर्शाची जाणीव मात्र आधी होती तशीच राहते, हे दोघांना समोर बसवून सांगितलं. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, ऑपरेशननंतर महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, मग आंबे उतरवायचे कोणी? पेट्या रवाना झाल्या, पाऊस लागला आणि जूनमध्ये ऑपरेशन झालं. त्याला आठ वर्षं झाली. पंप चालू आहे, आणि पडवीतली खाट त्यांनी केव्हाच माळ्यावर टाकली.