दिवा जेन्ट्स आहे

"मुलीचं वय किती, मॅडम?"

"त्रेपन्न."

फर्निचरच्या दुकानातल्या त्या मुलाचं बोट टॅब्लेटवर अधांतरी थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. मग आवाज एकदम खाली आणून, चेहऱ्यावर दवाखान्यातली सहानुभूती पसरून त्याने विचारलं, "म्हणजे... त्या झोपूनच असतात का?"

"रात्री," मी म्हटलं.

परवाची गोष्ट. कान अजून गरम आहेत, म्हणून मागचं सगळं झटपट उरकते. आमच्या घरात नऊ बाय आठ फुटांची एक खोली आहे. तिला नाव नाही, ती 'ती खोली'. इस्त्रीची चळत, रिकाम्या बॅगा आणि व्यायामाची एक सायकल, जिच्यावर आजवर फक्त ओले टॉवेल चढले. हे सगळं उपसून तिथे माझी, फक्त माझी, झोपायची खोली करायची असं मी ठरवलं. कारण घोरणं. कोण घोरतं ते सांगत नाही. घरात आम्ही दोघंच असतो आणि रात्रभर जागी मी असते.

बातमी फुटल्यावर माझ्या मावशीने फोन करून "सगळं ठीक आहे ना गं?" असं तीन वेगवेगळ्या सुरांत विचारलं. नणंदेने मला फोन केलाच नाही. तिने भावाला केला. "दादा, नीट जेवतोस ना?"

मी मात्र तयारी पक्की केली होती. वर्तमानपत्रं जोडून पलंगाच्या मापाचा कागद कापला, सव्वासहा बाय तीन. कपाटाचा कापला, दोन फूट खोल, कारण हँगर दीड फुटाच्या आसपास रुंद असतो आणि त्याला आत आडवं मावायला, वर दार लागायला तेवढी खोली लागतेच. दार उघडताना जमिनीवरून फिरतं तो अडीच फुटांचा पंखा खडूने काढला. आणि हिशेब बसला! आठ फुटांतून पलंगाचे तीन गेले, कपाटाचे दोन गेले, मधे तीन फूट मोकळे. नऊ फुटांतून पलंगाची लांबी गेली, दाराचा फेरा गेला, तरी तीन इंच शिल्लक. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाट्याला काहीतरी शिल्लक राहिलं होतं. त्या आनंदात मी कागदाच्या पलंगावर आडवी झाले, अग्रलेखावर डोकं आणि छोट्या जाहिरातींवर पाय. नवरा दारात आला आणि घाबरून म्हणाला, "पडलीस का?"

तर अशी मी, खिशात मापं घेऊन, त्या दुकानात गेले होते.

"आजारी नाहीये हो कोणी," मी त्या मुलाला सांगितलं. "खोली माझ्यासाठी आहे. मीच त्रेपन्न."

"ओह, सो स्वीट," तो म्हणाला. यात गोड काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. "आपल्याकडे लेडीज बेडरूमचं पूर्ण कलेक्शन आहे, मॅडम. फक्त सिस्टीममध्ये आधी कॅटेगरी टाकावी लागते. किड्स गर्ल, टीन गर्ल, कपल आणि सीनियर."

"यात मी कुठे?"

त्याने यादी वर सरकवली, खाली सरकवली. चारच्या चारच होत्या.

"टीन टाकू की सीनियर?"

"मधलं काही नाही?"

"मधल्यांना मास्टर बेडरूम असते ना, मॅडम."

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मी परतवला असता. पण तो अगदी निष्पापपणे, दुपारनंतर संध्याकाळ येते अशा सुरात म्हणाला. आणि मला उत्तर सुचेना, कारण हिशेब त्याच्या बाजूने होता. बाईला स्वतःची खोली मिळते ती एकदा लग्नाआधी आणि एकदा अगदी शेवटी. मधली तीस-चाळीस वर्षं तिला खोली नसते, बाजू असते. पलंगाची डावी किंवा उजवी. माझी भिंतीकडची, म्हणजे रात्री उठायचं तर एक डोंगर ओलांडून जायचं. डोंगर घोरत असतो.

"सीनियर टाकलं तर आधाराचा दांडा फ्री आहे," मुलगा म्हणाला.

"आणि टीन टाकलं तर?"

"फुलपाखरं."

मी टीन टाकायला सांगितलं. दांड्याला घाबरून.

मग सुरू झाली सहल. तो पुढे, मी मागे, आणि दोन्ही बाजूंना गुलाबी. गुलाबी पलंग, गुलाबी पडदे, गुलाबी भिंतीवर सोनेरी इंग्रजी अक्षरांत हसा, जगा, प्रेम करा अशा सूचना. कचऱ्याची टोपलीसुद्धा गुलाबी, तिला झालर. "लेडीजना हा कलर खूप सूट होतो, मॅडम. मन शांत राहतं."

मन शांत राहतं! हा दावा कुठून आला तेही ऐका. १९७९ साली अमेरिकेत, सिएटलमधल्या नौदलाच्या तुरुंगात, कैद्यांच्या कोठडीला बबलगमसारखा गुलाबी रंग मारून पाहिला होता. अलेक्झांडर शाउस नावाच्या संशोधकाची ती कल्पना. कोठडीत पाऊल ठेवताच दांडगट माणूस मवाळ होतो, असं म्हणणं होतं. तुरुंगाच्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या छटेला बेकर-मिलर पिंक म्हणतात. पुढच्या चाचण्यांत तो परिणाम काही टिकला नाही, पण गुलाबी टिकला. तर आक्रमक कैद्यांसाठी शोधलेला इलाज हा मुलगा मला उशीच्या अभ्र्यात देत होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला कोठडीची गरज होती.

"गुलाबी नको. फिकट, साधा, पांढऱ्याकडे झुकणारा रंग दाखवा. खोली लहान आहे, उजेड परतला पाहिजे. छतही तसंच."

"मग लेडीज वाटणार नाही, मॅडम."

"मी आत असेन ना. तेवढ्याने वाटेल."

पुढे आरसा. सहा फुटी, कडेने बल्ब. "छोट्या खोलीत मोठाच आरसा लागतो. शिवाय फुल बॉडी दिसायला हवी." मी त्याला सांगितलं की सपाट आरशात नखशिखांत दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, दूर उभं राहा नाहीतर जवळ. फक्त त्याची वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मधोमध यायला हवी. मी पाच फूट दोन इंच, मला दोन फूट सात इंच बास. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टीचर आहात का?" नाही म्हटल्यावर त्याला जरा वाईट वाटलं. तेवढं एक कारण तरी हाती लागलं असतं.

कपाट सोळा इंच खोल. 'स्लिम लेडीज वॉर्डरोब.' आतले कपडे दाराकडे तोंड करून, एकामागे एक, रांगेत उभे असल्यासारखे लटकत होते, कारण हँगर आडवा मावतच नव्हता. म्हणजे सर्वांत मागचा कुडता हवा असेल तर पुढच्या सगळ्यांना एक्स्क्यूज मी म्हणत आत जायचं. मी हँगर आडवा लावून दाखवला. दार बंद होईना. तो म्हणाला, "मॅडम, लेडीज हँगर छोटे येतात." माझे खांदे छोटे येत नाहीत, हे मी गिळलं. का गिळलं कोण जाणे. घरी येऊन रात्री अडीच वाजता ते वाक्य भिंतीला ऐकवलं.

एव्हाना त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "मॅडम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. आमचे डिझायनर सर आहेत. तुम्ही दोन दिवस बाहेर जायचं. सर येऊन भिंतीवर म्युरल करून ठेवतात. आल्यावर सरप्राइज!"

हे सरप्राइज मला माहीत आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आयलीन ग्रे नावाच्या आयरिश डिझायनर बाईने १९२६ ते १९२९ या काळात समुद्राकाठी एक घर बांधलं, ई-१०२७. जागा थोडी, पण वस्तू इतक्या विचाराने केलेल्या की बघत राहावं. त्यातलं एक गोल टेबल तर मला स्वप्नात येतं. पाय पलंगाखाली सरकतो, काचेचा पृष्ठभाग वरखाली होतो आणि अगदी मांडीवर येऊन थांबतो. पुढे बाई दुसरीकडे राहायला गेल्या. मग १९३८-३९ मध्ये ल कॉर्बुझिए, हो, चंदीगड आखणारे तेच, तिथे पाहुणे म्हणून राहिले आणि बाईंना न विचारता त्यांच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवून मोकळे झाले. रंगवताना अंगावर कपडे नव्हते, तसा फोटोही आहे. बाई संतापल्या. संतापल्याने काय होणार, चित्रं आजही आहेत. या गृहस्थांनी पुढे त्याच घराजवळ स्वतःसाठी एक लाकडी खोपट बांधलं, ३.६६ मीटर लांब, तेवढंच रुंद, म्हणजे बारा बाय बारा. ते २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझ्या नऊ बाय आठला नणंद 'खुराडं' म्हणते.

सरप्राइज नको म्हणून सांगितलं. पण टेबलाची आठवण निघालीच होती, म्हणून विचारलं, "पलंगावर बसल्या बसल्या पुढे ओढून घेता येईल असं छोटं टेबल आहे?"

त्याचा चेहरा उजळला. "आहे ना! सीनियरमध्ये. पेशंटला जेवण भरवायचं."

मी बसले. तिथल्याच एका गुलाबी पुफवर. बसताना फुस्स असा आवाज झाला. तो पुफचा होता, पण त्याने शिष्टाचाराने दुसरीकडे पाहिलं.

आणि तिथून, बसल्या जागेवरून, मला तो दिवा दिसला.

दुकानाच्या पलीकडच्या टोकाला, निळ्या भागात. दोन सांध्यांचा हात, हवा तिकडे वळणारा. टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू, म्हणजे जागा अडवत नाही. बुडाशी चार्जिंगच्या दोन जागा. बटण दाबलं की पांढरा उजेड, पुन्हा दाबलं की पिवळसर, २७०० केल्विनचा, रात्री वाचताना डोळ्यांना मऊ लागणारा. इकडे टीन गर्लमध्ये जो दिवा होता तो शिंगवाला घोडा होता. सात रंगांत लुकलुकायचा. त्याच्या उजेडात वाचायचं तर दर तीन सेकंदांनी पान जांभळं.

"तो दाखवा," मी म्हटलं.

मुलगा थबकला. "मॅडम, ते बॉइज स्टडीमध्ये येतं."

"येऊ दे."

"नाही, म्हणजे..." तो खरोखर अवघडला होता. "तो दिवा जेन्ट्स आहे."

"दिवा?"

"हो."

"काय बघून ठरवता?"

तो दिव्याकडे बघू लागला. मीही बघू लागले. दिव्याने मान खाली घातली. स्क्रू सैल असावा.

हसू येतं आता, तेव्हा आलं नाही. त्या निळ्या भागात सगळंच शहाणं होतं. खण पूर्ण बाहेर येत होते. शेल्फवर जाड पुस्तकं ठेवली तरी फळी वाकणार नाही, असं तो स्वतःच एका मुलाच्या बापाला सांगत होता. दोन फूट खोल कपाट होतं, दार सरकतं. मुलगा वाचणार, चार्ज करणार, वस्तू ठेवणार, असं गृहीत धरलं होतं. मुलीने मात्र आरशासमोर बसायचं, शांत राहायचं आणि फुलपाखरं मोजायची. चोवीस होती. मी मोजली.

मी दिवा घेतला, कपाट घेतलं, एक शेल्फ घेतलं. सगळं बॉइज. त्याने कॅटेगरी बदलली, मान हलवत. टीन गर्लची सूट गेली, असंही सांगितलं. मग म्हणाला, "डिलिव्हरीच्या ओटीपीसाठी सरांचा नंबर द्या."

"माझा घ्या."

"सरांचा बरा पडतो, मॅडम."

माझाच दिला. चारदा सांगितला, कारण तो दर वेळी शेवटचे आकडे टाकायच्या आधी वर बघायचा, सर कुठून तरी येतील अशा आशेने.

आज सकाळी सामान आलं. कपाट जागेवर बसलं, दाराचा फेरा मोकळा, तीन इंच शाबूत. दिव्याच्या बुडावर डायनोसॉरचा स्टिकर निघाला, तो मी नखाने खरवडला. धड निघालं, शेपूट राहिलं आहे.

सामान आणणाऱ्या माणसाने पावती पुढे धरली. माझ्या आडनावाआधी सिस्टीमने छापलं होतं, 'मास्टर'.

"मास्टर कुठेत?" तो म्हणाला. "बोलवा त्यांना, दिवा कसा वापरायचा ते दाखवून जातो. मुलं स्क्रू फार आवळतात."

"शाळेत गेलाय," मी म्हटलं आणि सही केली.

"कितवीला आहे?"

"मोठा झालाय हो आता. वेगळी खोली मागतोय."