क्वालालंपूरमधले एक जेवण आणि ‘फ्यूजन’ हा शब्द

गेल्या शनिवारी क्वालालंपूरमधल्या एका नव्या उपाहारगृहात जेवायला गेले होते आणि तेव्हापासून जे मनात घोळते आहे ते सविस्तर लिहावे असे वाटले. मेनूकार्डाच्या पहिल्याच पानावर ‘मॉडर्न मलेशियन फ्यूजन’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. आठ पदार्थांचा ठरलेला क्रम होता, माणशी 300 रिंगिट (मलेशियाचे चलन), आणि त्यावर 10 टक्के सेवा आकार व 6 टक्के सेवा कर. सोबत शेजारच्या आंटी होत्या. इथे वडीलधाऱ्या स्त्रीला जातधर्म न पाहता सगळेच आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्या मेलाकाच्या एका न्योन्या, म्हणजे चिनी-मलाय वारशाच्या, घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि मी चार वर्षांपूर्वी रत्नागिरीहून इथे आल्यापासून मलेशियाचे जेवण मला शिकवणाऱ्या एकमेव गुरू आहेत.

आंटींनी ते पहिले पान वाचले आणि शांतपणे विचारले, “यात नवीन कोणते? आमचे आणखी काय मिसळायचे राहिले आहे?”

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. चीनमधून आलेले व्यापारी मेलाका आणि पिनांगच्या बंदरांत राहिले, त्यांनी इथे संसार थाटले, आणि त्या घरांतून चिनी जिन्नस व मलाय वाटण यांची जी एकत्र पाकपरंपरा तयार झाली तिला न्योन्या जेवण म्हणतात. तमिळ मुसलमानांच्या हातून नासी कांदार, म्हणजे भात आणि त्यावर निरनिराळे रस्से, आणि रोती चानाई ही पापुद्र्यांची पोळी इथल्या रस्त्यांवर रुजली. हाइनान बेटावरून आलेल्या स्वयंपाक्यांनी इंग्रजांच्या बंगल्यांत नोकरी करताना चिकन चॉप आपल्या पद्धतीने बनवले आणि ते आजही कोपीतियाममध्ये, म्हणजे जुन्या कॉफीच्या दुकानांत, मिळते. ज्या मिरचीशिवाय सांबाल, म्हणजे इथले मिरचीचे तिखट वाटण, होत नाही ती मिरचीसुद्धा पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेतून आशियात आली. आफोन्सो द आल्बुकेर्क याने 1510 मध्ये गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी, 1511 मध्ये, मेलाका घेतले. मेलाकाच्या पोर्तुगीज वस्तीतले क्रिस्तांग लोक आजही व्हिनेगर, मोहरी आणि सुकी मिरची घालून ‘कारी देबाल’ करतात. मी ते पहिल्यांदा खाल्ले तेव्हा गोव्यातल्या विंदालूची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. एकाच साम्राज्याच्या जहाजांनी जोडलेल्या दोन किनाऱ्यांवर व्हिनेगराची तीच आंबट धार पाचशे वर्षांनंतरही टिकून आहे.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की मलेशियाच्या जेवणाला ‘फ्यूजन’ म्हणून सादर करणे हा त्या जेवणावर अन्याय आहे. या शब्दातून असे सूचित होते की दोन निराळ्या गोष्टी कोणी तरी काल एकत्र आणल्या आणि तो पराक्रम त्या शेफचा आहे. नव्या पद्धतीच्या उपाहारगृहांना माझा विरोध मुळीच नाही, उलट त्यांची गरज आहे असे मला मनापासून वाटते. परंतु त्यांचे मोजमाप मिश्रणाच्या नवलाईवरून होऊ नये. इथल्या जेवणाचा आंबटपणा, त्याचा उग्र वास आणि त्यामागचे कष्ट ताटलीपर्यंत पोहोचले की वाटेत गळून पडले, एवढेच पाहावे.

त्या दृष्टीने त्या रात्रीचे सर्वांत चांगले ताट तिसरे होते. माशाचा एक पातळ, आंबट रस्सा होता आणि त्यावर बुंगा कांतानची, म्हणजे आल्याच्या कुळातल्या एका गुलाबी कळीची, केसासारखी बारीक चिरलेली पाकळी होती. पहिला घोट घेतला आणि मी थांबले. तो आंबटपणा चिंचेचा नव्हता, लिंबाचा तर नव्हताच, तो जिभेच्या कडेला हळूहळू चढत गेला आणि मला आमच्या घरातला आमसुलाचा डबा आठवला. हा योगायोग नव्हता. इथे ज्या सुकवलेल्या फोडींना आसम केपिंग म्हणतात त्या ज्या झाडाच्या फळाच्या असतात ते झाड आणि आपले कोकम ही दोन्ही गार्सिनिया या एकाच प्रजातीतली भावंडे आहेत. कोकमाची आपण साल सुकवतो, इथे फळाच्या चकत्या करून उन्हात घालतात. शेफने त्या रश्शात साखर घातली नव्हती, साय घातली नव्हती, काहीही मऊ केले नव्हते. फक्त मासा नेमका शिजला होता आणि रस्सा इतका नितळ गाळला होता की तळाचा काळा वाडगा दिसत होता. घरच्या स्वयंपाकात जे साधत नाही ते व्यावसायिक स्वयंपाकघराने साधावे आणि मूळ चव तशीच ठेवावी, याहून अधिक मी कोणत्याही नव्या उपाहारगृहाकडे मागत नाही.

बदकाचे रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेले मसालेदार मांस, तेही तसेच उत्तम होते. रेंदांगचा जीव केरिसिकमध्ये असतो. किसलेला नारळ मंद आचेवर तांबूस होईपर्यंत कोरडा भाजायचा आणि तेल सुटेपर्यंत कुटायचा, याला केरिसिक म्हणतात, आणि ज्यांच्या घरी भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण होते त्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. आंटींच्या स्वयंपाकघरात अजून दगडी बातू गिलिंग आहे, जो आपल्या पाट्यावरवंट्यासारखाच असतो. त्यांची भाषाही आपल्यासारखीच आहे: वाटण ‘पेचाह मिन्याक’ होईपर्यंत, म्हणजे तेल फुटून वर येईपर्यंत, परतायचे, आणि किती घालायचे असे विचारले तर त्या ‘आगाक-आगाक’ म्हणतात, म्हणजे अंदाजाने. मला माझ्या आजीने कधी चमच्याचे माप सांगितले नव्हते, त्यामुळे हा शब्द मला पहिल्याच दिवशी कळला. त्या रात्रीच्या रेंदांगमध्ये खोबरे पुरेसे भाजलेले होते. आंटींनी दुसऱ्या घासाला मान डोलावली, आणि त्यांची मान सहजासहजी डोलत नाही.

आता जे खटकले ते. सुरुवातीला हिनावा आले. बोर्निओ बेटावरच्या साबा राज्यातल्या कादाझान-दुसून लोकांचा हा पदार्थ आहे. कच्च्या सुरमईचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवून त्यांत आले, मिरची, छोटे कांदे आणि बांबांगान नावाच्या रानआंब्याची किसलेली कोय घालतात. आंब्याची कोय किसून खातात हे समजल्यावर कोणत्याही कोकणी माणसाचे कुतूहल जागे होईल. परंतु वाढणाऱ्या मुलीने आम्हाला एवढेच सांगितले की हे ‘बोर्निओचे सेविचे’ आहे. कादाझान-दुसून हे नाव नाही, बांबांगानचा उल्लेख नाही. त्या मुलीचा यात दोष नाही, तिला तसे शिकवले गेले होते. पण क्वालालंपूरमध्ये, मलेशियाच्या राजधानीत, मलेशियाच्याच एका राज्यातल्या पदार्थाची ओळख दक्षिण अमेरिकेतल्या पदार्थाच्या आधाराने करून द्यावी लागते, याचे मला खरोखर दुःख झाले. मलाया, म्हणजे आजचा द्वीपकल्पीय मलेशिया, 1957 मध्ये स्वतंत्र झाला आणि साबा व सारावाक 1963 मध्ये त्याच्याशी जोडले गेले. म्हणजे या दोन भागांचे एकत्र राहणे साठ वर्षांहून जुने आहे, तरी बोर्निओच्या पदार्थाला स्वतःच्या नावाने टेबलावर येता येत नाही.

दुसरी तक्रार सांबालविषयी आहे आणि ती अधिक गंभीर आहे. कोळंबीवर घातलेला सांबाल दिसायला सुंदर, लालभडक आणि तुकतुकीत होता, पण तो गोड होता आणि त्यात बलाचान जवळजवळ नव्हताच. बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, उन्हात सुकवून आणि कुटून केलेल्या वड्यांना बलाचान म्हणतात. तो आपल्या जवळ्याचाच नातेवाईक आहे, आणि वापरण्याआधी तो भाजला की त्याचा वास शेजारच्या तीन घरांत जातो. त्या वासाला परदेशी पाहुणे बिचकतात हे मला माहीत आहे. पण मिरची, कांदा आणि साखर शिजवून उरते ती चटणी होते, सांबाल होत नाही. आंटी एवढेच म्हणाल्या, “यांना बलाचानची लाज वाटते.” जवळा भाजताना खिडक्या लावून घेणारी घरे मी मुंबईत पाहिली आहेत, त्यामुळे हे वाक्य मला फार लागले.

काळ्या पदार्थाविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. सहाव्या ताटात कोंबडीच्या तुकड्यावर बुआह क्लुआकचा काळाभोर, कोको आणि ओल्या मातीची आठवण देणारा लेप होता. या बिया मुळात विषारी असतात, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. त्या उकळून राखेत सुमारे 40 दिवस पुरून ठेवतात, आणि घरी आणल्यावर पुन्हा रोज पाणी बदलत काही दिवस भिजवतात, तेव्हा कुठे त्या खाण्याजोग्या होतात. विष काढण्याची ही रीत कोणत्या प्रयोगशाळेतून आलेली नाही, ती जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांनी शोधली आणि पुढे न्योन्या बायकांनी आपल्या स्वयंपाकात सांभाळली. आंटींच्या घरी हा पदार्थ चिनी नववर्षाला होतो आणि बीच्या कवचातून गर कोरून काढायला लहान चमचा प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवतात. उपाहारगृहाने गर आधीच काढून, गाळून, लेप केला होता. चव उत्तम होती. तरी आंटींनी मला हळूच सांगितले की कोरून खाण्यात अर्धी मजा असते, आणि मला त्यांचे पटले, कारण खेकड्याची नांगी कोणी फोडून दिली तर ती मलाही गोड लागत नाही.

शेवटचा पदार्थ साबुदाण्याचा होता, नारळाच्या दुधात, वर गुला मेलाकाची धार. नारळाच्या ताडीपासून नव्हे, तर ताजी नीरा आटवून केलेला हा गूळ आहे. ‘गुला’ हा मलाय शब्द संस्कृतातून गेलेला आहे आणि आपला ‘गूळ’ही तिथूनच आला आहे. त्यामुळे त्या वाटीवर मी कोणतीही टीका करू शकत नाही, तिच्यात मला माझेच घर दिसत होते.

किमतीबद्दल बोलणे भाग आहे, कारण घरी परतल्यावर कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने लगेच विचारले की जे 3 रिंगिटला केळीच्या पानात मिळते त्यासाठी 300 का द्यायचे. सकाळच्या गाडीवरचा नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सांबाल, सुक्या मासळीची चिमूट, शेंगदाणे आणि अंडे, हा जगातल्या उत्तम न्याहाऱ्यांपैकी एक आहे आणि तो तसाच स्वस्त राहावा. 2024 मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला मान्यता दिली त्यात नासी लेमाकचे नाव आहेच. पण हाच सहकारी इटालियन पास्त्यासाठी शंभर रिंगिट देताना हा प्रश्न विचारत नाही. आपल्याकडेही मालवणी थाळीचे पन्नास रुपये वाढले की लोक चिडतात आणि पिझ्झ्याचे बिल न बघता भरतात. घरच्या जेवणाला मोल नाही, कारण ते बायकांनी फुकट केलेले असते, हा समज त्यामागे आहे, आणि तो मोडायचा तर कोणी तरी बुआह क्लुआकच्या 40 दिवसांची किंमत उघडपणे लावली पाहिजे.

ते शक्य आहे, याचा पुरावाही इथेच आहे. शेफ डॅरेन तिओ यांच्या क्वालालंपूरमधल्या ‘देवाकान’ या उपाहारगृहाने स्थानिक पाने, फळे आणि आंबवलेले पदार्थ केंद्रस्थानी ठेवले. ‘देवा’ आणि ‘माकान’, म्हणजे देव आणि खाणे, या शब्दांतून ते नाव आले आहे. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेची क्वालालंपूर व पिनांगसाठीची पहिली यादी डिसेंबर 2022 मध्ये आली तेव्हा त्याला एक तारा मिळाला आणि पुढच्याच वर्षी दोन. त्या पहिल्याच यादीत पिनांगच्या ‘आंटी गाइक लीन्स’ या न्योन्या घरगुती जेवणाच्या ठिकाणालाही तारा होता. मला हे दुसरे नाव जास्त महत्त्वाचे वाटते, कारण तिथे कोणी जुन्या जेवणावर नवा मुलामा चढवलेला नव्हता.

इथे येणाऱ्या मराठी मित्रमंडळींना एक सांगणे आहे. आधी दोन दिवस गाड्यांवर आणि कोपीतियाममध्ये खा, म्हणजे अशा उपाहारगृहात काय राखले आहे आणि काय वगळले आहे ते कळेल. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच बलाचान आणि सुकी मासळी चालत नाही असे स्पष्ट कळवा, कारण भाजीच्या पदार्थातही ती बहुधा असतेच आणि ऐन वेळी काढता येत नाही, वाटण आधीच झालेले असते.

मी त्या उपाहारगृहाला हिनावाचे नाव आणि सांबालची चव, या दोन्ही गोष्टी सविस्तर लिहून पाठवल्या. तीन दिवसांनी उत्तर आले. नावाबद्दल त्यांनी वाढणाऱ्यांशी बोलू असे कळवले, आणि सांबालबद्दल लिहिले की स्वयंपाकघरातली माणसे स्वतःच्या जेवणासाठी बलाचानचा वेगळा सांबाल रोज करतात, पाहुण्यांनी मागितला तर तो देऊ. पुढच्या महिन्यात आई रत्नागिरीहून येते आहे. मी तिघींसाठी टेबल राखून ठेवले आहे आणि आरक्षणाच्या रकान्यात लिहिले आहे की आम्हाला तुमच्या स्वयंपाकघरातला सांबाल हवा आहे.