‘पन्नासच्या आत एचआर कशाला?’

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. सार असं, की माणसं पन्नासच्या आत असतील तर एचआर, म्हणजे कामगारांच्या नेमणुका, हजेरी, रजा बघणारी व्यवस्था, ही नसती उठाठेव. त्यानं घरच्यासारखं वातावरण जातं, कामगार कायदा बोलायला लागतात आणि खर्च वाढतो.

पन्नासचा आकडा कुठून आला, देव जाणे. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि ग्रॅच्युइटी (काम सोडताना मिळणारी रक्कम) लागू होते, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते. वीसला पीएफ. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र तर सगळ्यांनाच द्यायचंय.

आता घरचेपणा. साचे भरणारा मोल्डर गणपतीच्या सणाला उचल घेतो, मालक खिशातल्या डायरीत लिहून ठेवतो. दिवाळीला त्यातले किती कापले यावरून जुंपते, आणि डायरी नेमकी तेव्हाच सापडत नाही. सुगी लागली की खानापूरकडची निम्मी माणसं भातकापणीला जातात. मालकाच्या गावच्याची हजेरी भरते, दुसऱ्याचा खाडा पडतो. हे घरच असेल तर भाऊबंदकीचं आहे म्हणायचं! त्यापेक्षा उचलीचं कार्ड करा, दर वेळी दोघांनी सही करायची. सुगीच्या रजेची नावं आधीच घ्या आणि यादी मराठी-कन्नडमध्ये भिंतीवर लावा. कोण कधी नसणार हे कळलं की मेस्त्रीला मशीनवर माणसं लावता येतात.

कामगार कायदा बोलतील? आजही बोलतात की, फक्त मालकासमोर नाही. काम सोडल्यावर लेबर ऑफिसात. पाच वर्षं भरली की दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी बसते. रुजू झाल्याची तारीखच कुठं लिहिलेली नसेल, तर कामगार सांगेल ती तारीख खोडायला मालकाकडे असतं काय?

खर्चाचं म्हणाल तर, पंधरा माणसांवर एचआर मॅनेजर नेमणं ही उधळपट्टीच. अप्रेझलचे, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाचे, लांबलचक फॉर्म फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कुणी भरून घेत असेल तर त्याला साष्टांग नमस्कार. पण हजेरी, उचल, रजा आणि नेमणूकपत्रं एवढं काम हिशेब बघणारा माणूसही सांभाळतो. ईएसआयचा भार म्हणाल तर २१,००० पर्यंतच्या पगारावर मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. पॉवरप्रेसवर एखाद्याचं बोट गेलं आणि नोंदणीच केलेली नसेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. मेसेजवाल्यानं हा खर्च धरलेलाच नाही.