प्रत्येक सर्व्हिसला ‘चुकलं!’ म्हणू नका

सुट्टीतली बॅडमिंटन शिबिरं सुरू झाली की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: ‘मुलाची प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारा, नाहीतर ती कायमची हाताला बसते.’ ज्या गावावरून हा खेळ एकेकाळी ‘पूना’ म्हणून ओळखला जायचा, तिथल्या मुलांना तरी यापेक्षा बरं शिकवायला हवं.

‘प्रत्येक चूक.’ एकेरीची उंच सर्व्हिस घ्या. नवख्या मुलाचं शटल एकदा आखूड पडतं, एकदा बाहेर जातं; हात अजून बसलेला नसतो. आखूड पडलं म्हणून ‘जोर लाव’ म्हणालात की पुढचं बाहेर. मग ‘हळू मार’, की पुन्हा आखूड. हा हेलकावा आपल्या सूचनांनीच वाढतो. हालचाली कशा शिकल्या जातात याचे संशोधक विनस्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये एका गटाला निम्म्याच प्रयत्नांचा निकाल सांगितला, तोही हळूहळू कमी करत. दुसऱ्या दिवशी काहीही न सांगता चाचणी घेतली, तेव्हा दर वेळी निकाल ऐकलेल्या गटापेक्षा हाच गट सरस ठरला. अर्थात ती हाताची एक साधी हालचाल होती. सगळं अंग लागतं अशा अवघड कौशल्यात नवख्याला जास्त सांगावं लागतं.

‘तिथल्या तिथे.’ शटल पडायच्या आत आवाज आला की मूल शटलकडे बघतच नाही, सरांच्या तोंडाकडे बघतं. आपला हात कसा गेला हे त्याला स्वतः ताडताच येत नाही. चार-पाच सेकंद थांबा, ‘कुठे पडलं? कशामुळे?’ विचारा, मग एकच गोष्ट सांगा.

‘कायमची बसते.’ एकच चूक शेकडो वेळा घोटली तर बसते, हे खरं. तव्याचा दांडा धरल्यासारखी पकड दिसली तर लगेच थांबवा. खांदा दुखत असेल तर खेळच थांबवा.

बाकी वेळी कोर्टावरच्या रेषा वापरा. दुहेरीची मागची सर्व्हिस रेषा आणि कोर्टाची शेवटची रेषा यांत ७६ सेंटीमीटरचा पट्टा असतो. शटल त्यात पडलं तर गप्प राहा, आणि गप्प म्हणजे ‘ठीक’, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. पाच-पाच सर्व्हिस करून घ्या. पाचांतल्या चार आखूड असतील तरच बोला. शटल अंगालगत सोडलं की कोपर दुमडलेलं राहतं, रॅकेट वर न जाता आडवी फिरते. तेव्हा ‘शटल जरा पुढे सोड’ एवढंच पुरतं. लहान मुलांसाठी सुरुवातीला पट्टा दुप्पट करा. आतल्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावली की झालं.